आधी अंदाज लिहा, मग पाण्यात टाका: घनता आणि तरंगण्याचे घरगुती प्रयोग

‘जड बुडतं, हलकं तरंगतं.’ बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठल्याही गावातल्या वर्गात विचारा, हेच उत्तर एका सुरात येईल. घरची मोठी माणसंही तेच सांगतील. पण मार्कंडेय नदीला पूर आला की मुळासकट उपटलेली झाडं पाण्यावरून वाहत येतात, आणि काठावरून टाकलेला मुठीएवढा खडा तळाला जातो. यातलं जड कोण? हा प्रश्न विचारला की वर्ग गप्प होतो. प्रयोग सुरू करायला यापेक्षा चांगली वेळ नाही.

ज्यांनी मुलांना विज्ञानाचे प्रयोग कधी करून दाखवले नाहीत, अशा नव्या शिक्षकांसाठी, सुट्टीत भाचरं सांभाळणाऱ्या मामा-मावशांसाठी आणि घरच्या ताई-दादांसाठी हा लेख आहे. प्रयोगशाळा लागत नाही. एकच गोष्ट मात्र धरून चालायची: वस्तू किती जड आहे हे विचारायचं नाही, तर तिच्याच आकारमानाचं पाणी घेतलं तर त्याच्यापेक्षा ती जड की हलकी, हे विचारायचं. एक लिटर पाणी साधारण एक किलो भरतं. एक लिटर जागा व्यापणारी भरीव वस्तू किलोपेक्षा कमी भरली तर तरंगणार, जास्त भरली तर बुडणार. वजनाला (ग्रॅम) आकारमानाने (मिली) भागलं की येतो तो आकडा म्हणजे घनता, पाण्याची साधारण एक. पुढचे सगळे प्रयोग याच एका गोष्टीभोवती फिरतात.

जमवाजमव

एक बादली, लोणच्याची रिकामी काचेची बरणी, स्टीलच्या दोन वाट्या, शिवणाचा दोरा, मीठ, आणि स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा. काटा एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा असला की पुरे. नसेल तर ओळखीच्या किराणा दुकानदाराकडून तासाभरासाठी मागून आणा. मीठ कुठलंही चालेल, फक्त पुड्यातल्या बारीक मिठाने पाणी थोडं गढूळ दिसतं आणि जाड्या मिठात माती निघते. जाडं मीठ वापरलंत तर पाणी फडक्याने गाळून घ्या.

वहीत चार रकाने आखा: वस्तू, अंदाज, काय झालं, का झालं. अंदाज पेनानेच लिहायला लावा. पेन्सिल दिली की पोरं हळूच खोडतात आणि ‘मी हेच म्हटलं होतं की सर’ म्हणून मोकळी होतात. चुकलेला अंदाज वहीत राहिला पाहिजे, कारण चर्चा त्याच्यावरूनच होते.

पाण्याशी खेळ आहे म्हणून आधीच सांगतो: अगदी लहान मूल असेल तर भरल्या बादलीजवळ त्याला एकटं सोडू नका. हे प्रयोग विहिरीवर, नदीकाठी किंवा दगडखाणीत साचलेल्या पाण्यावर नेऊ नका. आणि थरांच्या प्रयोगात रॉकेल, पेट्रोल वगैरे काही नको, खाण्याच्या तेलात सगळं होतं.

बादलीपासून सुरुवात

स्टीलची वाटी बादलीत अलगद सरळ ठेवा. तरंगते. आता तीच वाटी आडवी करून सोडा. तळाला. वजन तेच, स्टील तेच. फरक एवढाच की सरळ वाटीने आपल्या पोकळीसकट पाणी बाजूला सारलं होतं. भरीव स्टील पाण्याच्या जवळपास आठपट घन असतं, पण वाटी आणि तिच्यातली हवा मिळून जो आकार होतो तो पाण्यापेक्षा हलका असतो. लोखंडी जहाज का तरंगतं याचं उत्तर एवढ्यात मिळतं. शाडूची माती असेल तर तिचा गोळा टाका, मग त्याच गोळ्याची पसरट होडी करा आणि त्यात एकेक रुपया ठेवत जा. कुणाची होडी जास्त रुपये झेलते यावर मुलांची चुरस लावली तर अर्धा तास कुणी जागचं हलत नाही.

मग संत्रं. सालीसकट तरंगतं, सोललं की बहुतेक वेळा बुडतं. साल काढली म्हणजे वजन कमी झालं, तरी बुडालं! ‘जड बुडतं’ या समजुतीला सगळ्यात मोठा धक्का इथे बसतो. सालीखालच्या पांढऱ्या, स्पंजसारख्या भागात हवा असते, साल गेली की ती हवाही जाते. सोललेलं संत्रं तरंगलंच, तर फोडींमध्ये हवा अडकली असेल, पाण्याखालीच हलकं दाबून बघा.

मे महिना असेल तर आंबे आहेतच. खाण्याआधी आपण ते पाण्यात घालतोच, मग जरा लक्ष देऊन बघा. पूर्ण जून झालेला आंबा सहसा बुडतो, कोवळा काढलेला बहुधा वर राहतो. पेटी कशी निघाली याचाही अंदाज येतो, हे वर.

पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीचा एक तुकडा कापून टाका आणि सोबत तिचं टोपण टाका. तुकडा बुडतो, टोपण तरंगतं, कारण दोन्ही प्लॅस्टिकं वेगळी आहेत. भंगारातलं प्लॅस्टिक पुन्हा वापरात आणणाऱ्या कारखान्यांत याच युक्तीने दोन्ही वेगळी करतात. टोपणाच्या आत हवेचा बुडबुडा राहणार नाही असं आडवं बुडवून सोडा, नाहीतर ते कशामुळे तरंगलं ते कळायचं नाही.

अंडं किंवा बटाटा

हा प्रयोग बहुतेकांनी ऐकलेला असतो. पण तो करताना एक पायरी सगळे गाळतात, ती इथे मुद्दाम घातली आहे.

१. बरणीत २५० मिली पाणी घ्या आणि पातळीची खूण पेनाने करा.

२. ताजं अंडं सोडा. ज्या घरात अंडं चालत नाही तिथे छोटा बटाटा घ्या, दोघांची घनता जवळपास सारखीच, १.०८ च्या आसपास असते. दोन्ही बुडतात.

३. अंडं बाहेर काढा, चमचाभर मीठ घाला, पूर्ण विरघळू द्या, पुन्हा अंडं सोडा. असं करत जा. साधारण ३० ते ३५ ग्रॅम मीठ झालं, म्हणजे मोठे दोन चमचे, की अंडं वर यायला लागतं.

४. गाळली जाणारी पायरी ही: आता अंडं काढून पाण्याची पातळी बघा. मीठ घातलं तिसाहून जास्त ग्रॅम, आणि पाणी वाढलं जेमतेम दहा-बारा मिली. वजन बरंच वाढलं, जागा थोडीच वाढली. म्हणजेच घनता वाढली. ‘मिठाने अंडं वर ढकललं’ असं कुणी म्हटलं तर या खुणेकडे बोट दाखवा.

शेवटी बरणीच्या कडेने अगदी सावकाश साधं पाणी ओता. मिठाचं पाणी खाली, साधं वर, आणि अंडं मधोमध थांबलेलं दिसतं. ओतताना घाई केली की सगळं मिसळतं.

दुकानातलं अंडं साध्या पाण्यातच तरंगलं, तर ते शिळं आहे. कवचातून हळूहळू ओलावा उडून जातो आणि त्याच्या जागी हवा शिरते. प्रयोगाला ते चालत नाही आणि आम्लेटलाही.

दोऱ्याला टांगलेला दगड

माझ्या मते या सगळ्यात खरा प्रयोग हा, आणि तोच सर्वात कमी केला जातो. यात नुसतं बुडतं-तरंगतं कळत नाही, आकडा मिळतो.

दोनशे ग्रॅमच्या वरचा एक दगड घ्या. लहान खडा घेतला तर एक ग्रॅमच्या काट्यावर चूक फार मोठी होते.

१. कोरड्या दगडाचं वजन करा. समजा २६१ ग्रॅम भरलं.

२. आता काट्यावर पाण्याने अर्धी भरलेली बरणी ठेवा आणि काट्याचं शून्य करण्याचं बटण दाबा.

३. दगडाला दोरा बांधून तो पाण्यात पूर्ण बुडेल असा हाताने धरा. तळाला लागू द्यायचा नाही, बाजूलाही टेकू द्यायचा नाही. दोरा हातातच.

४. काटा आता शून्य दाखवत नाही. समजा ९० दाखवतो.

इथे थांबा आणि मुलांना विचारा: दगड तर मी धरलाय, मग काट्यावर हे ९० ग्रॅम कुठून आले? उत्तर लगेच सांगू नका. पाणी दगडाला वर ढकलतं, म्हणून हाताला तो हलका लागतो. तितकंच दगड पाण्याला खाली ढकलतो आणि ते काट्यावर दिसतं. हे ढकलणं म्हणजे दगडाने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. आर्किमिडीजचा नियम तो हाच. ९० ग्रॅम पाणी म्हणजे ९० मिली, म्हणून दगडाचं आकारमानही ९० मिली. वेड्यावाकड्या दगडाचं आकारमान काट्यावर वाचता आलं! आता २६१ भागिले ९०, म्हणजे २.९. पाण्याच्या जवळजवळ तिप्पट.

आपल्या भागात हा प्रयोग फार रंगतो, कारण दगड तऱ्हेतऱ्हेचे मिळतात. निपाणी-चिकोडीकडचा काळा दगड हा दख्खनच्या लाव्हाचा बेसॉल्ट, त्याचा आकडा २.८ ते ३ च्या आसपास येतो. घटप्रभा गोकाकजवळ जवळपास ५२ मीटर खाली उडी घेते, तिथला कडा वाळूच्या दगडाचा आहे. वाळूचे कण बहुतांशी क्वार्ट्झचे आणि क्वार्ट्झ २.६५, म्हणून तो दगड काळ्या दगडापेक्षा कमी भरतो. सुट्टीत पाहुण्यांकडे जाणाऱ्या मुलांना गावागावाहून एकेक दगड आणायला सांगा, त्यावर गावाचं नाव लिहा, आणि घनतेचा आकडा काढून रांगेत मांडा. वर्गाचा स्वतःचा संग्रह तयार होतो.

जांभा दगड मात्र वेगळाच वागतो. बेळगाव-खानापूर भागात घराच्या भिंतींना तो वापरतात, त्यामुळे तुकडा मिळायला अडचण नाही. पाण्यात सोडला की तो बुडबुडे सोडायला लागतो आणि काट्यावरचा आकडा हळूहळू उतरत जातो. काटा बिघडलेला नाही. दगडाच्या छिद्रांतली हवा निघून तिथे पाणी शिरतंय, म्हणजे तो बाजूला सारत असलेलं पाणी कमी होत चाललंय. पहिला आकडा छिद्रांसकट दगडाचा, शेवटचा बराचसा नुसत्या दगडाचा. दोन्ही लिहून ठेवा आणि वजाबाकी करा, दगडात किती पाणी मुरलं ते कळतं. विटेच्या तुकड्यावरही हेच करून बघा.

तरंगणाऱ्या वस्तूची घनता काढायची असेल तर तिला सुईच्या टोकाने पाण्याखाली पूर्ण दाबून धरा. बोट बुडवायचं नाही, बोटही पाणी सारतं. लाकडाचा तुकडा ३० ग्रॅमचा आणि दाबल्यावर काटा ४५ दाखवत असेल, तर घनता ०.६७. आता सुई काढा आणि लाकूड नीट बघा: त्याचा साधारण दोन तृतीयांश भाग पाण्याखाली असेल. हा योगायोग नाही, मुलांनाच शोधू द्या.

हे शिकल्यावर घरोघरी पहिली मागणी येते ती आईची अंगठी तपासायची. सिराक्यूसच्या राजाच्या मुकुटातलं सोनं शुद्ध की भेसळीचं हे आर्किमिडीजने शोधलं, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते ना! पण सोनं पाण्याच्या १९.३ पट घन असतं. पाच ग्रॅमची अंगठी पाव मिलीहून जेमतेम जास्त पाणी सारते, आणि आपला काटा एक ग्रॅमचा. त्यावरून काढलेला कुठलाही निष्कर्ष म्हणजे घरात विनाकारण भांडण.

थर, खोबरेल आणि बेदाणे

उंच ग्लासात तळाला गुऱ्हाळावरची काकवी ओता, तिच्यावर चमच्याच्या पाठीवरून सावकाश रंगीत पाणी, आणि सगळ्यात वर शेंगदाण्याचं तेल. काकवी पाण्याच्या सुमारे १.४ पट, तेल ०.९१. एक द्राक्ष सोडा: तेल आणि पाणी ओलांडून काकवीवर जाऊन बसतं. मघाचं बाटलीचं टोपण सोडा, बऱ्याचदा ते तेलातून खाली येऊन पाण्यावर अडतं. काकवी नसली तर मध किंवा साखरेचा घट्ट पाक.

बेळगावच्या थंडीत एक प्रयोग आपोआप जमतो. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत सकाळी बाटली घट्ट झालेली असते. निम्मं तेल वेगळ्या वाटीत घेऊन कोमट पाण्यावर पातळ करा आणि त्यात गोठलेल्या तेलाचा खडा टाका. बुडतो! बर्फाचा खडा पाण्यावर तरंगतो, मग हा का नाही? बहुतेक पदार्थ गोठताना आकसतात आणि त्यांची घनता वाढते. पाणी गोठताना फुगतं, बर्फाची घनता ०.९२ पर्यंत उतरते. म्हणजे वेगळं वागतं ते पाणी, खोबरेल नव्हे. तुपावरही हे होतं, पण रवाळ तुपात हवा राहून घोटाळा होतो.

बेदाणे सोड्यात टाकण्याचा खेळ पाच मिनिटांचा. ग्लासात बाटलीतला ताजा, फसफसणारा सोडा, त्यात चार बेदाणे. सुरकुत्यांना बुडबुडे चिकटतात, बेदाणा वर येतो, बुडबुडे फुटतात, खाली जातो. अथणीकडचं कुणी नातेवाईक असेल तर बेदाणे विकत घ्यायचीही गरज नाही.

दुधाबद्दल थोडक्यात. डेअरीत दुधात सोडतात ते लॅक्टोमीटर म्हणजे घनता मोजणारी नळीच. जाड शीतपेयाच्या नळीच्या एका टोकाला शाडूचा गोळा घट्ट लावून घरी तशी करता येते. आधी साध्या पाण्यात उभी तरंगवा आणि खूण करा. दुधात ती थोडी वर उचलली जाते, कारण दूध १.०३ च्या आसपास असतं. गंमत अशी की साय काढली की दुधाची घनता वाढते, आणि मग पाणी घातलं की पुन्हा पूर्वीच्या आकड्यावर येते. म्हणून डेअरीत नुसत्या लॅक्टोमीटरवर भागत नाही, फॅटही तपासतात.

भाताचं बियाणं

रोहिणी नक्षत्र जवळ आलं की खानापूर आणि बेळगाव तालुक्यांत धूळवाफ पेरणीची (पावसाआधी कोरड्या मातीत केलेल्या पेरणीची) लगबग सुरू होते. त्याआधी काही घरांत बियाणं मिठाच्या पाण्यात टाकून निवडतात. कृषी विभागाची शिफारस तीन टक्क्यांची आहे: १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ. मुलांच्या प्रयोगाला एक लिटर आणि ३० ग्रॅम पुरे. हे पाणी गोव्याच्या समुद्रापेक्षा थोडंसंच कमी खारट असतं.

इंद्रायणी असो की इंटाण, कुठलंही भात चालेल, फक्त ते घरचं, औषध न लावलेलं असलं पाहिजे. दुकानातल्या पिशवीतल्या बियाण्याला बहुधा औषध चोळलेलं असतं, ते मुलांच्या हाती देऊ नका.

मूठभर भात मोजून घ्या, शंभर दाणे सोयीचे. आधी साध्या पाण्यात टाकून चांगलं ढवळा. हे ढवळणं महत्त्वाचं, कारण सालीवरच्या लवेला आणि कुसळांना हवा चिकटते आणि चांगला दाणाही थोडा वेळ वर राहतो. स्थिर झाल्यावर तरंगणारे मोजा. मग तेच शंभर दाणे तीन टक्क्यांच्या पाण्यात. आता आणखी काही वर येतात. ज्यांना पुढे जायचंय त्यांनी अंडं तरंगेल इतक्या मिठाच्या पाण्यातही टाकून बघावं, तिथे बऱ्यापैकी भरलेले दाणेही तरंगायला लागतील. भरल्या दाण्याची आणि पळंजाची, म्हणजे पोकळ दाण्यांची, रेघ कुठे ओढायची हे मिठाच्या प्रमाणावर ठरतं. वर्गात वाद घालायला विषय उत्तम: जास्त मीठ घातलं तर बियाणं जास्त दमदार निवडलं जातं, पण वाया किती जातं?

वाद मिटवायला उगवण तपासा. तरंगलेले आणि बुडालेले दाणे वेगळे करा, साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, आणि ओल्या गोणपाटाच्या दोन तुकड्यांत वेगवेगळे गुंडाळून ठेवा. गोणपाट सुकू द्यायचं नाही, रोज पाणी शिंपडायचं. आठवडाभरात कोंब मोजता येतात. कुठल्या पुरचुंडीत किती आले ते अंदाजाच्या रकान्याशेजारी लिहा. धुण्यात हयगय केली तर मीठ राहून चांगल्या दाण्यांचीही उगवण बसते, आणि मग सगळा निकाल उलटा लागतो.

मोठी माणसं याच पद्धतीने शेतासाठी बियाणं करत असतील तर वर आलेलं पळंज चाळणीने काढून टाकायचं, तळाचं बियाणं तसंच धुऊन सावलीत वाळवायचं आणि मगच बीजप्रक्रियेचं औषध. उरलेलं मिठाचं पाणी तरव्यात (भाताच्या रोपांच्या वाफ्यात) किंवा परसातल्या झाडांच्या बुंध्याशी ओतू नका, न्हाणीघराच्या मोरीत जाऊ द्या. पळंज धुतल्यावर कोंबड्यांना चालतं.